‘केले’ खोडून ‘झाले’

“मी ४६ वर्षांची आहे, एका सहकारी बँकेत नोकरी करते आणि सिंहगड रस्त्याला राहते. मुलगी १९ वर्षांची असून बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुलगा १५ वर्षांचा, यंदा दहावीत. गेल्या महिन्यात रात्री ओटा आवरत असताना मुलीने सांगितले, की बारावीत, म्हणजे १७ वर्षांची असताना, क्लासमधल्या एका मुलाशी तिचा एकदा शारीरिक संबंध आला होता. ‘आई, मी थांबायला हवं होतं,’ एवढेच म्हणाली आणि आत निघून गेली. मला काही बोलायला सुचले नाही. मी ओटा पुसत राहिले. त्यानंतर आमच्या भिशीच्या ग्रुपवर एक लेख आला, की लहान वयात संबंध आलेल्या मुलींना त्याचा जन्मभर पश्चात्ताप होतो असे परदेशी संशोधनात सिद्ध झाले आहे. तो वाचल्यापासून मला झोप नाही. हा लेख तिला पाठवू का, म्हणजे पुढे तरी ती सांभाळून राहील? तिच्या शरीरावर, मनावर कायमचा परिणाम झाला असेल का? यजमानांना मी अजून सांगितलेले नाही. उद्या लग्न ठरवताना हे सांगावे लागेल का? मुलाची तशी काळजी नाही, तो आपल्या अभ्यासात असतो.”

सप्रेम नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्याला उशीर व्हायला नको. तो लेख मुलीला पाठवू नका. ‘थांबायला हवं होतं’ हे वाक्य तिने स्वतःच्या तोंडाने तुमच्यासमोर उच्चारले आहे. तेच वाक्य आता एका अनोळखी माणसाच्या लेखणीतून, ‘जन्मभर’ हा शब्द वर चिकटवून, तिच्या फोनवर आले, तर तिला त्यातून एकच अर्थ लागेल, की आईने महिनाभर विचार करून आपल्याला हे उत्तर दिले. माझे उत्तर छापून येईपर्यंत तुम्ही तो पाठवून बसला असाल, तर ‘मी घाबरून पाठवला, तो वाचू नकोस’ असे तिला सरळ सांगून टाका. मुलींना आईचे घाबरणे समजते. आईने परस्पर निकाल लावून टाकणे त्यांना सोसत नाही.

आता तुमच्या पत्राविषयी थोडे. ते तुम्ही हाताने, रेघी कागदावर लिहिले आहे आणि वर छापला आहे तो त्याचा संक्षेप आहे. ओळख पटेल असे काही तपशील मी बदलले आहेत. संक्षेपात न घेतलेले एक वाक्य दुसऱ्या पानाच्या तळाशी आहे. तिथे तुम्ही आधी ‘तिने असे का केले’ असे लिहिले होते. मग ते खोडून वर बारीक अक्षरात ‘तिच्याकडून असे का झाले’ असे लिहिले आहे. खोडताना पेन इतके दाबले गेले आहे की पानाच्या मागच्या बाजूला वळ उठले आहेत. ही दुरुस्ती करताना तुमच्या मनात काय आले असेल ते तुम्हालाच ठाऊक, पण मराठी क्रियापदे अशा वेळी फार प्रामाणिक असतात. ‘केले’ म्हटले की कर्ता समोर येऊन उभा राहतो, ‘झाले’ म्हटले की तो आडोशाला जातो, आणि ‘तिला करायला लावले’ म्हटले तर कर्ताच बदलतो. ज्या परदेशी संशोधनाने तुम्ही धास्तावला आहात, ते गेली पंचवीस-तीस वर्षे बव्हंशी याच प्रश्नाभोवती फिरत आहे, की आपल्या पहिल्या संबंधाविषयी सांगताना तरुण माणसाला या तीनपैकी कोणते क्रियापद खरे वाटते.

ग्रुपवरच्या लेखाने नेमके कोणते संशोधन पाहिले हे त्यात लिहिलेले नसणारच. पण त्याचे मूळ बहुधा न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरातल्या अभ्यासात असावे, असा माझा अंदाज आहे. त्या शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा पाठपुरावा संशोधक त्यांच्या लहानपणापासून करत आले आहेत. ही मुले २१ वर्षांची झाली तेव्हा त्यांना पहिल्या संबंधाविषयी विचारले गेले आणि त्याचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. ‘आपण आणखी थांबायला हवे होते’ असे ५४ टक्के स्त्रियांनी सांगितले, तर पुरुषांपैकी १६ टक्क्यांनी. ज्या स्त्रियांचा पहिला संबंध १६ वर्षांच्या आत आला होता, त्यांच्यात हे प्रमाण ७० टक्के होते. आकडा मोठा आहे आणि तो खोटा नाही. मात्र ‘जन्मभर’ हा शब्द त्यात कुठेही नाही. एकविसाव्या वर्षी, विचारणाऱ्याने विचारले म्हणून, मागे वळून दिलेले ते उत्तर आहे. आणखी थांबले असते तर बरे झाले असते असे वाटणे आणि आयुष्य नासले असे वाटणे या दोन गोष्टींत केवढे अंतर आहे, हे आपण चाळिशी ओलांडलेल्या बायकांना वेगळे सांगायला नको. आपल्यापैकी कितीजणींना लग्न, नोकरी, पहिले मूल यांतल्या कशाबद्दल तरी ‘जरा थांबले असते तर’ असे वाटत असते, आणि तरी आपण सकाळी उठून डबे भरतोच.

त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे, जो अशा लेखांत क्वचितच येतो. पहिल्या वेळी आपल्यावर जबरदस्ती झाली, असे ७ टक्के स्त्रियांनी सांगितले. म्हणजे पश्चात्तापाच्या एकाच टोपलीत दोन निरनिराळ्या गोष्टी पडल्या आहेत. एकीला आपल्या निर्णयाची घाई खटकते. दुसरीने निर्णय घेतलेलाच नाही, तिच्यावर अत्याचार झाला आहे, आणि तरीही ती त्याला ‘माझी चूक’ म्हणते.

याच्या पुढचे पाऊल ब्रिटनमधल्या संशोधकांनी टाकले. तिथे दर दहा वर्षांनी लैंगिक आरोग्याचे एक मोठे राष्ट्रीय सर्वेक्षण होते. त्याच्या २०१०-१२च्या फेरीत १५ हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखती झाल्या. त्यांतल्या १७ ते २४ वर्षे वयाच्या तरुणांच्या उत्तरांवर लंडन स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी काम केले आणि ते २०१९ साली प्रसिद्ध झाले. नुसते वय पाहून ‘लवकर’ की ‘उशिरा’ ठरवणे पुरेसे नाही, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून त्यांनी चार गोष्टी पाहिल्या: दोघांचीही सारखीच इच्छा होती का; निर्णय स्वतःचा होता, की मैत्रिणी करतात म्हणून किंवा दारूच्या अमलाखाली तसे घडले; गर्भनिरोधक वापरले होते का; आणि आज मागे पाहता ती वेळ योग्य होती असे वाटते का. या चारपैकी एकाही बाबतीत उणे उत्तर आलेल्यांना त्यांनी ‘सज्ज नव्हते’ असे मानले. या कसोटीला सुमारे ५२ टक्के स्त्रिया आणि ४४ टक्के पुरुष उतरले नाहीत. वेळ योग्य नव्हती असे सुमारे ४० टक्के स्त्रियांनी आणि २७ टक्के पुरुषांनी सांगितले, आणि त्यांतल्या बहुतेकांना आणखी थांबायला हवे होते असे वाटत होते. दोघांची इच्छा सारखी नव्हती, असे जवळजवळ पाचांतल्या एका स्त्रीने सांगितले; पुरुषांत हे प्रमाण दहांत एक इतके होते.

वय वाढते तशी सज्जता वाढते, हे खरेच आहे. पण वयाने मोठे असूनही चारपैकी एखाद्या बाबतीत कमी पडलेले पुष्कळ आहेत. म्हणूनच ‘अठराच्या आत पश्चात्ताप, अठरानंतर निर्धास्त’ असा जो हिशेब तुमच्या ग्रुपवरचा लेख मांडतो, तो संशोधनाला मान्य होणारा नाही. आपल्याकडे तर वय उलटून गेल्यावर, सनई-चौघड्यात, सर्वांच्या आशीर्वादाने झालेल्या पहिल्या रात्रीविषयी या चार प्रश्नांची उत्तरे मागितली, तर काय उत्तरे येतील याचा विचार मी अधूनमधून करते. तो विषय वेगळा आहे. पण पश्चात्ताप फक्त लग्नाआधीच्या संबंधाचाच होतो, हे मात्र मी डोळे मिटून मान्य करणार नाही.

हे सारे ब्रिटन आणि न्यूझीलंडचे आहे, आपल्या घरांचे नाही, हे तुमच्या मनात आले असेल तर ते रास्तच आहे. तिथल्या मुलीच्या ‘थांबायला हवे होते’ यात आणि तुमच्या मुलीच्या वाक्यात शब्द सारखे असले तरी ओझे सारखे नाही. माझ्यासमोर बसून मुली ‘पश्चात्ताप’ हा शब्द वापरतात तेव्हा त्यात बहुतेक वेळा तीन पदर असतात. एक खरा पश्चात्ताप, म्हणजे मला त्या वेळी ते नको होते किंवा इतक्यात नको होते. दुसरी लाज, म्हणजे चांगल्या घरची मुलगी असे करत नाही, असे जे लहानपणापासून ऐकले ते. आणि तिसरी भीती, की कोणाला कळले तर काय, त्याने कोणाला सांगितले तर काय, आईने बाबांना सांगितले तर काय. सर्वेक्षणाच्या प्रश्नात हे पदर सुटे करता येत नाहीत, आणि स्त्री-पुरुषांच्या आकड्यांत जी दरी दिसते तिचा काही भाग तरी या लाजेचा असणार, असे माझे मत आहे. पहिल्या पदराचे काय करायचे ते मुलगी हळूहळू स्वतः ठरवेल. दुसरा आणि तिसरा मात्र घरातल्या माणसांच्या हातात असतो.

पुण्यापुरते म्हणाल तर आपल्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने पॉप्युलेशन कौन्सिल या संशोधन संस्थेबरोबर पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि शहरी वस्त्यांत तरुण मुलामुलींचा एक अभ्यास केला होता. त्याचे निष्कर्ष २००६ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. मुलामुलींनी एकमेकांशी बोलूही नये असे वातावरण असूनही त्यांच्यात नाती जुळतात, ती आईवडिलांपासून लपवली जातात पण मित्रमैत्रिणींना ठाऊक असतात, असे त्यात आढळले. ज्यांच्यात शारीरिक संबंध आला, त्यांच्यात ओळख झाल्यापासून तिथपर्यंतचा काळ थोडा होता, बहुतेकांनी कोणतीही काळजी घेतली नव्हती, आणि काही मुलींची त्याला संमतीच नव्हती. हे वाचून दोन गोष्टी ध्यानात घ्या. तुमची मुलगी काही जगावेगळी नाही. आणि जे तिथल्या मुलींनी आईपासून लपवले, ते तुमच्या मुलीने, दोन वर्षांनी का होईना, ओट्यापाशी उभे राहून आईला सांगितले.

म्हणून तिच्याकडून जाणून घ्यायची गोष्ट खरे तर एकच आहे: ते तिच्या मनाने झाले होते का. ‘कुठे’, ‘कसे’, ‘कोण तो, कोणाचा’ हे प्रश्न तोंडावर येतील, ते गिळा. तिच्या उत्तरात ‘तो रागावला असता’, ‘त्याच्याकडे माझे फोटो होते’, ‘मी नको म्हणत होते पण’ अशा जातीचे काही आले, तर आपण पश्चात्तापाविषयी बोलत नाही, अत्याचाराविषयी बोलत आहोत, हे तुम्ही ओळखा आणि तिलाही त्याच शब्दांत सांगा, की यात तुझी चूक नव्हती.

इथे कायद्याचे दोन शब्द सांगणे भाग आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिची संमती कायद्याच्या दृष्टीने संमतीच नसते. हे वय कमी करू नये अशी शिफारस विधी आयोगाने २०२३ साली पुन्हा केली आहे. त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये अशा घटनेची माहिती असणाऱ्यावर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकलेली आहे, आणि अशा तक्रारीला मुदत संपल्याची अडचण येत नाही. मुलगी आता सज्ञान आहे, मुलगाही तेव्हा अल्पवयीन असू शकेल, घटना जुनी आहे; या सर्वांचा तुमच्या बाबतीत नेमका अर्थ काय होतो, हे सदरातून सांगण्यासारखे नाही, आणि शेजारच्या वकीलकाकांना जिन्यात विचारण्यासारखेही नाही. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो. मुलीशी बोलून, तिला बरोबर घेऊन जा. तिच्या अपरोक्ष जाऊ नका.

जाता जाता, संमतीच्या वयाचा वाद पुण्याला नवा नाही. १८९१ साली संमतिवयाचा कायदा येऊन ते वय १० वरून १२ वर गेले, तेव्हा टिळक विरोधात आणि आगरकर बाजूने, असे याच शहरात शाईचे पाट वाहिले होते. धर्म, शास्त्र, सरकारचा अधिकार यांवर सगळे बोलले. त्या वयाच्या मुलीला काय वाटते हे तिलाच विचारावे, अशी रीत मात्र तेव्हा नव्हती. वर सांगितलेली सर्वेक्षणे कितीही अपुरी असली तरी निदान तिला विचारतात, एवढ्यासाठी मला त्यांची किंमत वाटते.

शरीराविषयी तुम्हाला जी भीती आहे ती बरीचशी निराधार आहे. एका संबंधाने शरीरावर ‘कायमचा परिणाम’ म्हणून जे मनात असते, तसे काही होत नाही. काही संसर्ग लक्षणांविना राहू शकतात, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांची एक भेट घ्यावी आणि त्यांना गरज वाटली तर तपासण्या कराव्यात. तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशीचेही विचारून घ्या. ही लस ९ ते १४ या वयात दिली तर सर्वांत उपयोगी असते, पण पुढेही २६ वर्षांपर्यंत देतात, आणि आपल्याच सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ पासून बाजारात आहे. मुलगी १९ वर्षांची असल्याने ती एकटी आत जाऊ शकते आणि तिचे बोलणे गुप्त राहण्याचा हक्क तिचा आहे. ‘लग्न झालंय का?’ या प्रश्नापासूनच सुरुवात करून चष्म्यावरून पाहणारे डॉक्टर टाळा. पुण्यात दुसरे पुष्कळ आहेत. मनाचे म्हणाल तर ती जेवते, झोपते, कॉलेजला जाते, मैत्रिणींत मिसळते तोवर आजार शोधत बसू नका. यांतले काही दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेले दिसले, तर समुपदेशकाकडे जा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. आणि झोप तुमची उडाली आहे, तेव्हा तो क्रमांक तुम्हीही लावलात तर काही बिघडत नाही.

लग्नाचा प्रश्न तुमचा नाहीच. ती कोणाशी लग्न करेल, करेल की नाही, आणि त्याला काय सांगेल, हे तिचे ती ठरवेल. कौमार्य तपासण्याची कोणतीही चाचणी वैद्यकशास्त्रात नाही आणि अशा तपासण्या बंद व्हाव्यात असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ सालीच सांगितले आहे, एवढे तुमच्यापुरते लक्षात असू द्या. यजमानांना सांगायचे का, तेही तिला विचारून. तिने तुम्हाला सांगितले, दोघांना सांगितले नाही.

आता तुमच्या पत्रातले मला सर्वांत खटकलेले वाक्य, जे तुम्ही शेवटी, जवळजवळ सही करता करता लिहिले आहे: मुलाची तशी काळजी नाही. ताई, वरचे आकडे पुन्हा वाचा. ज्या पाचांतल्या एका स्त्रीने ‘दोघांची इच्छा सारखी नव्हती’ असे सांगितले, तिच्यासमोर बहुतेक वेळा एक मुलगा होता. तोही कोणाचा तरी अभ्यासात असलेला मुलगा होता. त्याने ठरवून वाईट वागायचे म्हटले होते असेही नाही. पुष्कळदा त्याला समोरच्या मुलीचा चेहरा वाचता आला नाही, आणि तो वाचायचा असतो हे त्याला कोणी सांगितलेही नव्हते. शिवाय मुलांनाही पश्चात्ताप होतोच. ब्रिटनमधल्या चारांतल्या एका तरुणाहून अधिक जणांना आपली वेळ चुकली असे वाटते. मित्रांच्या चेष्टेला घाबरून, ‘अजून काहीच नाही?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून पुढे गेलेले मुलगे मी पाहिले आहेत, आणि त्यांना ‘मला नको होतं’ म्हणायला मुलींपेक्षाही कमी जागा असते.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याला मानवी प्रजननसंस्था आहे, आकृत्यांना नावे देणे आहे, मार्कही आहेत. ‘नको’ कसे ऐकायचे हे त्यात नाही. शाळा ते शिकवेल या भरवशावर राहू नका, कारण आपल्या राज्याने २००७ साली लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला मनाईच केली होती आणि तेव्हापासूनचा संकोच अजून पुरता गेलेला नाही. असे शिकवले तर मुले बिघडतील, या भीतीचे उत्तर स्कॉटलंडमध्ये शोधले गेले. तिथल्या २५ शाळांत हा प्रयोग झाला. काही शाळांतल्या शिक्षकांना प्रशिक्षण देऊन दोन वर्षांत वीस तासिकांचा अभ्यासक्रम शिकवायला लावला, बाकीच्यांत नेहमीचेच चालू ठेवले. २००२ साली निष्कर्ष आले तेव्हा संशोधकांची निराशाच झाली, कारण मुलांच्या वागण्यात फरक पडला नव्हता. संबंध आलेल्यांचे प्रमाण वाढले नाही, घटलेही नाही. फरक दिसला तो पश्चात्तापात: ज्यांना शिकवले होते त्यांना आपल्या सर्वांत अलीकडच्या जोडीदाराशी आलेल्या पहिल्या संबंधाचा पश्चात्ताप कमी होता. बहुतेक लोक हा निष्कर्ष अपयश म्हणून वाचतात. मला तो तसा वाटत नाही. मुले बिघडली नाहीत, आणि जे घडले त्याविषयी त्यांना आपल्या मनाशी कमी भांडावे लागले. एवढे साधायला वीस तासिका पुरल्या.

तेव्हा मुलाशी बोला. समोरासमोर बसवून, दार लावून, घसा खाकरून नाही. तो पळून जाईल. त्याला क्लासहून आणताना गाडीवर तो मागे बसलेला असतो, डोळ्याला डोळा भिडत नाही, आणि सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी कोणताही विषय पूर्ण होईल इतका वेळ मिळतोच. एका दिवसात सगळे उरकू नका. एक दिवस एवढेच सांगा, की एखादी मुलगी गप्प बसली, हसून विषय बदलला, ‘बघू’ म्हणाली, तर तो होकार नसतो. स्पष्ट ‘हो’ ऐकू येईपर्यंत ‘नाही’च समजायचे, आणि तू अठरा वर्षांचा होईपर्यंत, ती अठरा वर्षांची होईपर्यंत, कायदा ‘हो’ सुद्धा मानत नाही. दुसऱ्या दिवशी सांगा, की फोनवर जे व्हिडिओ मुले पाहतात त्यांत कोणी कोणाला काही विचारत नाही, खऱ्यात तसे नसते. तिसऱ्या दिवशी सांगा, की तुला स्वतःला नको असेल तर नको म्हणायला लाजू नकोस. तुमच्याने होत नसेल तर सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ नावाची केंद्रे आहेत. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी ती आहेत आणि तिथे समुपदेशक असतात. मात्र मुलाशी बोलताना ताईचे उदाहरण द्यायचे नाही, नाव न घेताही नाही. तिने तुम्हाला सांगितले ते भावाच्या शिकवणीचे साहित्य म्हणून नव्हे.

राहता राहिली मुलगी. ती त्या रात्री आत निघून गेली आणि तुम्ही ओटा पुसत राहिलात, त्याला महिना होऊन गेला आहे. या महिन्यात तुम्ही लेख वाचला, मला दोन पाने लिहिली. तिला मात्र तुमचा एक शब्द मिळालेला नाही, आणि ओट्यावर फिरणाऱ्या फडक्यातून तिने काय ते समजून घेतले असेल. सुरुवात तिथूनच करा. “त्या दिवशी तू सांगितलंस आणि मी नुसता ओटा पुसत राहिले. मला बोलायला सुचलं नाही, पण तू मला सांगितलंस हे मला बरं वाटलं. आत्ता बोलायचं का?” यापुढे काही जोडू नका, ‘पण’ म्हणून पुढचे वाक्य तर नकोच. ती बोलली तर ऐका. तिने सांगताना ‘मी केलं’ म्हटले, ‘झालं’ म्हटले की आणखी काही, त्याकडे कान असू द्या, पण तिचे क्रियापद दुरुस्त करू नका. आणि ती ‘नको’ म्हणाली, तर “बरं, तुला वाटेल तेव्हा” म्हणून खरोखरच तिथे थांबा, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही पुन्हा विचारू नका, आणि रोजच्यासारखे तिला जेवायला बोलवा.